कामाची जागा, माणसे आणि मनस्ताप : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांचे सरळ दोन गट पडतात. एक गट मालकांचा आणि व्यवस्थापकांचा आहे. माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तरी टिकत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. दुसरा गट नोकरी करणाऱ्यांचा आहे आणि त्यांच्या पत्रांत कोणीतरी एक माणूस आहे, ज्याच्यामुळे सकाळी कामावर जायला पाय उचलत नाही. नाशिक परिसरातील सातपूर-अंबडचे कारखाने, नाशिकरोडच्या पतसंस्था आणि दिंडोरीच्या बागा अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून ही पत्रे आली असली, तरी शेजारी-शेजारी ठेवून वाचली की पुष्कळदा दुखणे एकच असल्याचे दिसते. एका माणसाच्या वागण्याकडे मालक काणाडोळा करतो आणि त्याची किंमत दुसरीच, न बोलणारी माणसे मोजत राहतात. त्यांतली जी सोडून जाऊ शकतात ती जातात. त्यांच्या रिकाम्या जागांनाच आपण मनुष्यबळाची टंचाई असे नाव देतो. निवडलेल्या पत्रांतील ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत माझे छोटे युनिट आहे. वाहन उद्योगासाठी लागणारे सुटे भाग आम्ही सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांवर तयार करतो. दोन पाळ्यांत मिळून पंचवीसेक माणसे आहेत. मुख्य सेटर (प्रत्येक कामासाठी यंत्र जुळवून देणारा कारागीर) बारा वर्षांपासून माझ्याकडे असून त्याच्या हाताला तोड नाही, परंतु तो नव्या मुलांना टिकू देत नाही. सर्वांसमोर शिवीगाळ करतो, हातातला जॉब (यंत्रावर घडवायचा भाग) हिसकावून घेतो, विचारले तर सांगत नाही. आयटीआय झालेली मुले दोन-तीन महिन्यांत निघून जातात. त्याला बोलावे तर ‘उद्यापासून येत नाही’ म्हणतो आणि तो खरोखरच आला नाही तर माझी यंत्रे उभी राहतील. काय करावे?
– एक उद्योजक, अंबड

उत्तर : तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत : त्याचे कौशल्य, त्याची वागणूक आणि त्याने स्वतःजवळ राखून ठेवलेली माहिती. तिन्हींचा विचार वेगवेगळा केल्याशिवाय मार्ग निघणार नाही. त्याच्या कौशल्याबद्दल तुमची तक्रार नाही आणि वागणुकीबद्दल तुम्ही आजवर ठामपणे बोललेला नाहीत, कारण तिसरी गोष्ट तुम्हाला अडवते आहे. कोणत्या जॉबला कोणते टूल, कोणता इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे पाते), पकड कशी, ऑफसेट (यंत्रात भरायची मापाची दुरुस्ती) किती, हे सारे त्याच्या डोक्यात किंवा त्याच्या खिशातल्या डायरीत आहे. तोपर्यंत कारखाना तुमचा असला तरी चावी त्याच्याकडे आहे आणि ही गोष्ट त्याला तुमच्याइतकीच ठाऊक आहे.

तेव्हा पहिले काम त्या माहितीला कागदावर आणण्याचे. ज्या दोन-तीन जॉबवर तुमची सर्वाधिक उलाढाल आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा. प्रत्येक जॉबसाठी एक सेटअप शीट तयार करा. तिच्यावर प्रोग्रॅमचा क्रमांक, टूलची यादी, जॉ किंवा फिक्श्चरची (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनांची) स्थिती, पहिल्या नगाची मोजमापे आणि ती कोणी तपासली याची सही, एवढे तरी असावे. हे काम त्याच्याकडूनच करून घ्या आणि त्यासाठी त्याला वेगळा वेळ व वेगळा भत्ता द्या. अशा माणसाच्या मनात बहुधा एक भीती असते, की आपण सगळे सांगून टाकले की आपली गरज संपली. बारा वर्षांत त्याला पद मिळाले का, पगारवाढ ठरल्या वेळी मिळाली का, की दर वेळी तो रुसल्यावरच मिळाली, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. रुसल्यावरच मिळत असेल, तर अडवून धरायला त्याला आपल्याच पद्धतीने शिकवले आहे. ‘प्रशिक्षक सेटर’ असे पद आणि शिकवलेला मुलगा सहा महिने टिकला तर ठरावीक रक्कम, अशी लेखी व्यवस्था केली तर शिकवण्यात त्याचे नुकसान नसून लाभ आहे, हे त्याला दिसेल.

आता वागणुकीविषयी. याबाबत तुम्ही थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण माणुसकीइतकेच व्यवहाराचेही आहे. समजा, एखाद्या नव्या मुलाने ऑफसेटमध्ये ०.०२ ऐवजी ०.२ टाकले आणि बोअर (भागातले भोक) मोठा झाला. त्याने लगेच सांगितले तर एकच नग वाया जाईल. पण मागच्या खेपेस अशाच चुकीवर चारचौघांत आईवरून शिवी खाल्ली असेल, तर तो या वेळी सांगणार नाही. तो नग गुपचूप चांगल्या मालात सरकवेल किंवा भंगारात टाकून मोकळा होईल आणि ऑफसेट आपल्या परीने दुरुस्त करू पाहील. पुढे तो नग ग्राहकाच्या असेंब्लीवर सापडतो, सगळी खेप परत येते, निवड करायला तुमची माणसे तिकडे पाठवावी लागतात आणि खर्च तुमच्या बिलातून वळता होतो. त्या सेटरच्या तोंडाची खरी किंमत अशा परत आलेल्या मालात लपलेली असते. हिशेबात ती ‘रिजेक्शन’ म्हणून लिहिली जाते, एवढेच.

त्याच्याशी बोलताना दार बंद असावे आणि तुमच्या हातात तारखा असाव्यात. ‘तुझा स्वभावच वाईट आहे’ असे म्हणालात की तो स्वभावाचा बचाव करील, कामाचा दाखला देईल आणि बोलणे तिथेच संपेल. त्याऐवजी असे बोला : ‘गेल्या मंगळवारी दुसऱ्या पाळीत तुम्ही सर्वांसमोर त्या मुलाच्या हातातून जॉब हिसकावून घेतला आणि त्याच्या आईवरून बोललात. चूक त्याची होती, हे मला मान्य आहे. परंतु या कारखान्यात शिवी आणि अंगावर धावून जाणे चालणार नाही. चूक दिसली तर यंत्र थांबवा, सुपरवायझरला बोलवा आणि मुलाला बाजूला घेऊन सांगा.’ तीन प्रसंग पुरेत. बारा वर्षांचा पाढा वाचू नये. बोलणे झाले की त्याच दिवशी त्याची नोंद वहीत करावी.

यानंतरही तसाच प्रकार घडला तर लेखी ताकीद आणि त्यानंतर कारणे दाखवा नोटीस द्यावी लागेल. रागाच्या भरात ‘निघ इथून’ म्हणणे किंवा कोऱ्या कागदावर राजीनामा लिहून घेणे, या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळा. आरोपपत्र, त्यावर खुलासा मागवणे, चौकशीत त्याला आपली बाजू मांडण्याची व साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी देणे आणि मगच निर्णय घेणे, या पायऱ्या युनिट लहान असले तरी चुकवू नयेत. प्रकरण कामगार न्यायालयात गेले तर पहिला प्रश्न या पायऱ्यांबद्दलच विचारला जातो.

जी मुले सोडून गेली, त्यांना फोन करून पाहा. शेजारच्या गाळ्यात चार-पाचशे रुपये जास्त मिळाले म्हणून गेली, असा बहुतेक मालकांचा समज असतो आणि काहींच्या बाबतीत तो खराही असतो. परंतु गेलेला माणूस महिनाभराने जे सांगतो, ते तो हिशेब घेतानाच्या दिवशी सांगत नाही. नव्याने येणाऱ्या मुलाला पहिला महिना त्या सेटरच्या हाताखाली देऊच नका. शांत स्वभावाच्या जुन्या ऑपरेटरकडे द्या आणि त्या मुलाशी दर शनिवारी दहा मिनिटे स्वतः बोला. सातपूरच्या आयटीआयशी संबंध जोडून शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली शिकाऊ मुले रीतसर घेतलीत, तर शिकण्याचा कालावधी, विद्यावेतन आणि शिकवण्याचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टींना कागदोपत्री आधार मिळतो.

एवढे करूनही तो जाईल का? जाऊ शकतो. म्हणून सेटअप शीटचे काम आधी आणि कठोर बोलणे त्याच्यामागोमाग, असा क्रम ठेवा. दुसऱ्या एका माणसाला निदान मुख्य जॉबचे सेटिंग येऊ लागले की तुमच्या आवाजातली भीती आपोआप कमी होईल आणि समोरच्याला ती कमी झाल्याचे न सांगताही कळेल.

प्रश्न : मी एका पतसंस्थेच्या शाखेत नुकतीच शाखा व्यवस्थापक झाले. माझे वय एकतीस आहे. शाखेत एक ज्येष्ठ लिपिक आहेत, त्यांना सगळे ‘अण्णा’ म्हणतात आणि मीही म्हणते. ते ठेवीदारांसमोर ‘ताई, हे तुम्हाला अजून कळायचंय’ असे बोलतात. संगणकावरील नोंदींना हात लावत नाहीत, त्यामुळे दोन मुलींना त्यांचेही काम करत सात-साडेसातपर्यंत थांबावे लागते. वडिलांच्या वयाच्या माणसाला कसे सांगावे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ‘अण्णा’ म्हणणे सोडू नका. मान देणे आणि काम सांगणे यांत आपल्याकडे उगाच विरोध मानला जातो. अण्णांना अण्णा म्हणूनच ठामपणे काम सांगता येते. मात्र ते सांगण्यापूर्वी दोन गोष्टींचा शोध घ्या. पहिली, ही जागा आपल्याला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती का. असेल, तर ते दुःख खरे आहे आणि ते कोणीतरी त्यांच्यापाशी मोकळेपणाने मान्य करायला हवे. ते अध्यक्षांनी केले तर उत्तम, नाहीतर तुम्ही करा. दुसरी, ते संगणकाला हात लावत नाहीत, याचे कारण अहंकारच आहे की भीती. ज्या माणसाने आयुष्यभर कीर्द आणि खतावणी हाताने लिहिली, त्याला आपल्या एका चुकीच्या बटणाने दुसऱ्याच्या खात्यात रक्कम जाईल, याची धास्ती वाटू शकते. पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नाहीत, हे मुलींसमोर कबूल करणे त्याहून कठीण असते. अक्षरे मोठी करून देणे, पंधरा दिवस दुपारच्या निवांत वेळेत एकाच व्यक्तीने शिकवणे आणि सुरुवातीला फक्त पिग्मीच्या (रोज गोळा होणाऱ्या छोट्या ठेवींच्या) नोंदी सोपवणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

परंतु मुलींचे सातपर्यंत थांबणे पुढच्या आठवड्यापासून बंद व्हायला हवे. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे, ठेवीदारांसमोरच्या बोलण्याचे नाही. अण्णांच्या मानापमानाकडे सर्वांचे लक्ष आहे. त्या दोघी मात्र संध्याकाळची बस चुकवून त्यांचे काम उरकत आहेत आणि त्यांच्याविषयी संस्थेत कोणी बोलत नाही. कामाची वाटणी लेखी करा. कोणाची रोकड, कोणाच्या नोंदी, दिवसअखेरचा ताळमेळ कोणी करायचा, हे त्यात असू द्या आणि त्यावर अण्णांसह सर्वांच्या सह्या घ्या. थकीत कर्जाच्या वसुलीत अण्णांचा हात धरणारा शाखेत कोणी नसेल, कारण कर्जदार कोण, जामीनदार कोण आणि कोणाच्या घरी कोणत्या वेळी जावे, हे त्यांना तोंडपाठ असते. ते काम त्यांच्या नावावर मानाने लिहा आणि त्याबरोबर त्यांच्या वाट्याच्या नोंदीही लिहा.

ठेवीदारांसमोर बोलण्याविषयी एकदाच आणि केबिनमध्ये सांगा : ‘अण्णा, माझं काही चुकलं तर आत येऊन सांगा, मी ऐकेन. बाहेर बोललात तर लोकांचा शाखेवरचा विश्वास कमी होतो.’ पतसंस्थेचा सगळा व्यवहार विश्वासावर उभा असतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि म्हणून हा मुद्दा त्यांना पटेल. आणखी एक धोका लक्षात ठेवा. अशा वेळी माणसे परस्पर संचालकांकडे जातात आणि एखादे संचालक प्रेमापोटी शाखेत फोन करून कामाची वाटणी बदलून टाकतात. तसे होण्याआधीच तुमची लेखी वाटणी अध्यक्षांना दाखवून त्यांची संमती घेऊन ठेवा.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची निर्यातीची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून मुकादमामार्फत पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. मुकादमाला उचल (आगाऊ रक्कम) देतो. यंदा ऐन खुडणीत अर्धी टोळी निघून गेली आणि मुकादम फोन उचलत नव्हता. मजुरांना उचलीपोटी थांबवून घेण्याचा मला अधिकार आहे का? पुढच्या हंगामात काय काळजी घ्यावी?
– एक बागायतदार

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ मध्ये झाला. दिलेल्या उचलीच्या बदल्यात माणसाला कामावर डांबून ठेवणे, त्याला दुसरीकडे जाऊ न देणे किंवा त्याचे सामान, कागदपत्रे अडकवून ठेवणे त्या कायद्याच्या कक्षेत येते. सक्तीने काम करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुकसान झाल्याचा तुमचा राग मी समजू शकतो, कारण तयार घड वेलीवर थांबत नाहीत आणि पॅकहाऊसची गाडी तुमच्यासाठी खोळंबत नाही. तरीही शेजारच्या कोणी ‘सामान ठेवून घ्या, येतील परत’ असा सल्ला दिला, तर तो ऐकू नका.

आता टोळी का गेली, याकडे येऊ. खुडणी साधारणपणे जानेवारी ते एप्रिल चालते आणि तिच्या मध्यावर होळी येते. पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांसाठी होळी हा वर्षातला मोठा सण आहे. त्या दिवसांत माणसे गावी जाणारच. आपण मात्र दर वर्षी या गोष्टीचे जणू पहिल्यांदाच आश्चर्य करतो. होळीच्या आधीचे व नंतरचे काही दिवस मजूर कमी असतील असे धरूनच छाटणीच्या तारखांचे टप्पे पाडले, म्हणजे सगळे प्लॉट एकाच आठवड्यात खुडणीला येत नाहीत. जे थांबतील त्यांना सणासाठी वेगळे पैसे आणि जे जातील त्यांना जायला-यायला गाडी, असे ठरवून सांगणाऱ्या बागायतदाराकडे माणसे परत येतात.

दुसरे कारण बहुधा पैशाचे असेल. तुम्ही एकरी उक्ते ठरवून मुकादमाला रक्कम देता. पुढे विरळणी (घडातले मणी कमी करण्याचे काम) करणाऱ्या बाईच्या हातात त्यातले किती पडते, हे तुम्हाला माहीत नसते. उचल कोणी घेतली, कोणाच्या नावावर किती लागली, दर आठवड्याची खर्ची किती दिली, याचा हिशेब मुकादमाच्या डोक्यात असतो आणि मजुराला शेवटी फक्त ‘तुझी उचल अजून फिटली नाही’ एवढेच ऐकायला मिळते. अशा वेळी जवळच्या दुसऱ्या बागेत रोजच्या रोज रोख मिळत असेल, तर कोणीही शहाणा माणूस तिकडे जाईल. त्यात मजुराचा बेइमानीपणा मला दिसत नाही.

पुढच्या हंगामात प्रत्येक मजुराच्या नावाची छोटी वही ठेवा. कामाचे दिवस किंवा उक्त्यातला वाटा, दिलेली उचल, दिलेली खर्ची आणि शिल्लक या चार रकान्यांवर काम भागते. दर आठवड्याला ती वही कुटुंबातील कोणा शिकलेल्या मुलाकडून त्यांच्याच घरच्यांना वाचून दाखवा. मुकादमाचे कमिशन वेगळे ठरवून वेगळे द्या आणि मजुरी शक्यतो थेट मजुराच्या हातात किंवा खात्यावर द्या. मुकादम सुरुवातीला नाराज होईल, परंतु जो मुकादम या पद्धतीला अजिबात तयार होत नाही, त्याच्याकडून टोळी घेऊ नये, असे मी म्हणेन.

राहण्याची व्यवस्थाही पाहा. निर्यातीच्या बागेत हात धुण्याची आणि शौचालयाची सोय तपासणीपुरती दाखवली जाते आणि मग तिला कुलूप लागते, असे घडते. बायका अंधार पडायची वाट पाहत राहतात. डिपिंगचे (घड औषधात बुडवण्याचे) आणि फवारणीचे काम करणाऱ्यांना हातमोजे मिळतात का, लहान मुले कुठे बसतात, हे प्रश्न बागेच्या मालकिणीने विचारले तर खरे उत्तर मिळते. तुमच्या घरातील बाई आठवड्यातून एकदा त्या झोपड्यांपर्यंत गेल्या, तर कोण जाण्याच्या विचारात आहे हे तुम्हाला मुकादमाच्या आधी कळेल.

प्रश्न : मी शहरातील एका दवाखान्यात स्वागतकक्षात काम करते. आम्ही एकूण सहा जण आहोत. व्यवस्था पाहणारे गृहस्थ डॉक्टरांचे नातेवाईक आहेत. ते सगळ्यांवर ओरडतात. मला मात्र रात्री मेसेज करतात, कपड्यांबद्दल बोलतात आणि फाइल देताना मुद्दाम हात धरतात. डॉक्टरांना सांगितले, तर ते म्हणाले, ‘त्यांचा स्वभाव तसा आहे, मनावर घेऊ नका.’
– एक वाचक

उत्तर : या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुम्ही त्या वेगळ्या केल्यात, हे फार चांगले झाले. सगळ्यांवर ओरडणे हे वाईट वागणे आहे. रात्रीचे मेसेज, कपड्यांवरची टिप्पणी आणि हात धरणे मात्र लैंगिक छळ आहे. त्याला स्वभाव हे उत्तर होऊच शकत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा तुमच्या दवाखान्यालाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर मालकाला अंतर्गत समिती नेमावी लागते. तुमच्यासारख्या लहान जागी, तसेच तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तेव्हा, जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे तिची माहिती मिळेल.

तक्रार लेखी असावी लागते आणि शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. उशीर होण्यास पुरेसे कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण होणे अपेक्षित असते. चौकशी सुरू असताना बदली किंवा रजा मिळावी, अशी मागणी तुम्ही करू शकता. तुमचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे.

आज करण्याचे काम असे. मेसेज पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट काढून विश्वासातील दुसऱ्या व्यक्तीकडेही पाठवून ठेवा. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा आणि जवळ कोण होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. डॉक्टरांना पुन्हा सांगायचे असेल तर या वेळी लेखी सांगा, तोंडी नको. घरी सांगितले तर नोकरी सोड म्हणतील, ही भीती मला तुमच्या पत्राच्या शब्दाशब्दांत दिसते आणि ती अनाठायी नाही. तरीही घरातील निदान एका माणसाला सांगा, कारण ही तक्रार एकटीने चालवणे फार कठीण असते. आणि हे पत्र ज्या डॉक्टरांच्या वाचनात येईल त्यांना एवढेच विचारायचे आहे की, तुमच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या मुलीशी कोणी असे वागले असते, तर तुम्ही तिलाही मनावर घेऊ नका म्हणाला असता काय?

प्रश्न : गंगापूर रोडवर आमचे मिसळीचे हॉटेल आहे. रविवारी गर्दी असते आणि नेमके रविवारीच कोणीतरी दांडी मारतो. एका दांडीला दोन दिवसांचा पगार कापायला सुरुवात केली, तर मुले आणखी चिडली. पुढे सिंहस्थ आहे, तेव्हा कसे होणार?
– एक हॉटेलचालक

उत्तर : ती कपात आधी थांबवा. जितका वेळ गैरहजेरी तितक्याच प्रमाणात पगार कापता येतो, असा वेतनविषयक कायद्याचा दंडक आहे. दंड लावायचा झाला तरी तो कोणत्या चुकीसाठी, हे आधी जाहीर केलेले असावे लागते, माणसाला बाजू मांडू द्यावी लागते आणि त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त दंड घेता येत नाही. रविवारी पूर्ण हजेरी असेल तर वेगळा भत्ता द्या आणि महिन्यातला एक रविवार प्रत्येकाला आळीपाळीने हक्काची सुट्टी द्या. चार रविवारांचे वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीलाच भिंतीवर लागले, तर मुले सोयरिकीचे आणि जत्रेचे दिवस आपसांत बदलून घेतात आणि तुम्हाला सकाळी सहाला फोन येत नाही.

सिंहस्थातील अमृतस्नाने ऑगस्ट व सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या दिवसांत रस्ते बंद असतील आणि पंचवटीपलीकडे राहणारा आचारी वेळेवर पोहोचेलच असे धरता येणार नाही, म्हणून काही माणसांच्या मुक्कामाची सोय आतापासून पाहा. सगळ्या शहराला त्याच वेळी माणसे हवी असतील. त्या वेळी नव्या माणसाला जास्त पगार देऊन आणलेत आणि जुन्याला जुन्याच पगारावर ठेवलेत, तर जुना त्याच आठवड्यात जाईल. हंगामाचा वाढीव भत्ता आधी जुन्या माणसांना जाहीर करा.

प्रश्न : कंपनीने माझी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आहेत आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला आहे. वरिष्ठांच्या जाचामुळे मला नोकरी सोडायची आहे. नाशिकमध्ये त्याच क्षेत्रात दुसरीकडे काम करणार नाही, असेही त्यात लिहिले आहे.
– एक अभियंता, सिन्नर

उत्तर : तीन बाबींचे उत्तर वेगवेगळे आहे. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते, तिची धास्ती घेऊ नका. मुदतीआधी सोडल्यास रक्कम भरण्याची अट मात्र नेहमीच पोकळ नसते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षे व दोन लाख रुपयांची अशी अट वैध ठरवली. तरीही रक्कम वाजवी आहे का, तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर काही खर्च झाला का, हे पाहिले जाते, म्हणून बाँडची प्रत घेऊन कामगारविषयक काम करणाऱ्या वकिलांना दाखवा. मूळ प्रमाणपत्रे ही तुमची मालमत्ता आहे. ती परत मिळावीत असे पत्र ईमेलने आणि पोच घेऊन टपालाने पाठवा. राजीनामा त्यानंतर द्या, त्यात जाचाचे प्रसंग तारखेनिशी आणि संयत भाषेत लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते, ते मागायला संकोच करू नका.